लेकीच्या पेटीसाठी सोलापुरी चादरी

लेकीचं लग्न दिवाळीनंतर आहे. रुखवताचं आत्या-मावश्या बघतायत, पेटीतलं अंथरूण-पांघरूण मात्र मी स्वतः जमवतेय. त्यासाठी सोलापूरला नवी पेठेतून जेकार्ड विणीच्या चादरी आणि टॉवेल आणले.

चादरी फारच सुरेख! हातात घेताच वजन कळतं. नक्षी छापलेली नसून विणलेली, त्यामुळे दोन्हीकडून दिसते. एका बाजूचा मरून मोर उलट बाजूला पांढरा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी त्या नावाखाली बाहेरचा मिश्र मालही खपतो. दुकानदारकाकांनी न सांगता काठाचा धागा जाळून दाखवला. कागद जळाल्यासारखा वास, भुरभुरीत राख, म्हणजे अस्सल सुती. पॉलिस्टरची कडक गोळी होते. टॉवेल तितके आवडले नाहीत, एकाची कड पहिल्याच धुण्यात उसवली. काकांनी कुरकुर न करता बदलून दिला.

नवी चादर तशीच पेटीत ठेवू नका, खळीला कसर लागते. गार पाण्यात वेगळी धुवा, कडकडीत वाळवा, मग कडुलिंबाचा सुका पाला आणि वेखंडाची पुरचुंडी घालून ठेवा. डांबराच्या गोळ्यांचा वास पांघरुणातून जाता जात नाही. पावसाळा सरला की ऊन दाखवून घडी दुसरीकडून घाला, नाहीतर त्याच रेषेवर कापड विरतं.

जाताना पलंगाचं माप मात्र घेऊन जा. डबल म्हणून मिळणारी प्रत्येक चादर मोठ्या गादीला पुरत नाही.