रिक्षाच्या कामासाठी ग्रुप लोन की पतसंस्था?

नवी रिक्षा घ्यायची असेल, तर पुढचे फारसे उपयोगाचे नाही; तिथे आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) कर्जाचा बोजा चढवण्यावाचून सहसा मार्ग नसतो. प्रश्न येतो तो पासिंगच्या, म्हणजे आरटीओच्या तपासणीच्या तोंडावर, इंजिनकाम, विमा आणि हूड एकदमच अंगावर येतात तेव्हा. पुण्यात रिक्षा चालवताना ही निकड मी एकदा मायक्रोफायनान्सच्या ग्रुप लोनवर आणि एकदा पतसंस्थेच्या कर्जावर भागवली. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते खरे, पण बँकेच्या दोन खेपांत माझे दोन दिवसांचे भाडे बुडाले आणि मी तो नाद सोडला.

ग्रुप लोनची बाजू लंगडी नाही. तारण लागत नाही, आणि रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असले की ते मिळू शकते, शिवाय मुदतीआधी फेडल्यास दंड नाही. त्याच नियमांनी व्याजदरावरची कमाल मर्यादा मात्र उठवली, हेही ध्यानात असावे. कर्ज पत्नीच्या नावावर निघाले, त्याचेही काही वाटले नाही. अडले ते हप्ते गोळा करायला मंगळवारी भरणाऱ्या गटाच्या बैठकीपाशी. गटातल्या एकीचा हप्ता कमी पडला की तो भरला जाईपर्यंत बाकीच्यांना उठता येत नसे. पत्नीच्या धुण्याभांड्याच्या कामाचा खाडा व्हायचा, आणि ऐन ऑफिसच्या वेळी मला स्टँडवर फोन यायचा, ‘तीनशे रुपये कमी पडताहेत, घेऊन या.’ रांगेतला नंबर सोडून मी दुसऱ्याच्या हप्त्यासाठी धावलो, असे एकदाच झाले नाही.

पतसंस्थेने आधी सहा महिने पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, भरायला लावली, दोन जामीनदार मागितले आणि कर्जातून सभासदत्वाच्या शेअर्सची रक्कम कापली. व्याजाचा काटेकोर हिशेब मी मांडलेला नाही; कदाचित फरक फार नसेल. पण पिग्मीवाला संध्याकाळी स्टँडवरच येतो, धंदा झाला त्या दिवशी मी त्याला २०० देतो, बंद किंवा मुसळधार पाऊस असला तर नुसता हात हलवून नाही म्हणतो आणि पुढच्या दोन दिवसांत भरून काढतो. रोज सुटणाऱ्या कमाईला हे अधिक मानवते, निदान मला तरी मानवले. ज्यांना जामीनदारच मिळत नाहीत, त्यांना अर्थात ग्रुप लोनशिवाय पर्याय नाही.

पतसंस्थेतल्या ठेवींना बँकेसारखे ५ लाखांचे विमासंरक्षण नसते, म्हणून वर्ष भरले की मी पिग्मीची रक्कम उचलून बँकेत टाकतो आणि दुसऱ्या दिवसापासून नवे खाते सुरू करतो.