तलवार बोथट, विकणारा तरबेज

शिवजयंती जवळ आली की मोबाईलवर तलवारींच्या जाहिराती सुरू होतात. जळगाव-धुळ्याकडे मर्दानी खेळ शिकणारी पोरं-पोरी हल्ली वाढली आहेत, आणि ते विकणाऱ्यांच्या लक्षात बरोबर आलेलं आहे. आमच्या तालमीतल्या दोघांना एकाच माणसाने फसवलं. त्यातला एक मी. दुसरा चोपडा तालुक्यातला, केळीवाल्या घरचा. त्याचं नाव देत नाही, कारण त्याच्या वडिलांना अजून यातलं काही ठाऊक नाही.

आमच्या वस्तादांचा नियम असा, की काठी आणि लाकडी तलवार हातात मुरल्याशिवाय लोखंडाला हात लावायचा नाही, आणि लोखंड आलं तरी त्याला धार नको. म्हणून मी मागितली ती धोप पद्धतीची, सरळ पात्याची, बिनधारेची, किलोभर वजनाची सरावाची तलवार. समोरचा माणूस साखर पेरत बोलणारा. प्रत्येक मेसेज ‘जय शिवराय दादा’ने सुरू. पातं कमानपाट्याचं, म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगच्या पट्टीचं आहे म्हणाला, आणि वर दमास्कसच्या, म्हणजे थराथराच्या पोलादावर दिसणाऱ्या नक्षीच्या, लाटा फुकट. किंमत साडेनऊ हजार. तीन हजार आगाऊ, उरलेले पार्सल हातात आल्यावर.

त्याने आणखी एक तलवार दाखवली होती, ‘तीनशे वर्षांची, सरदार घराण्यातली’, चाळीस हजारांना. ती मी घेणार नव्हतोच, पण असं काही कुणाच्या गळ्यात मारत असतील तर एवढं माहीत असू द्या: शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू कायद्याने पुरावशेष ठरते आणि तिचा व्यापार करायला १९७२च्या कायद्याखाली पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो. परवान्याचा फोटो मागितला तर म्हणाला, ‘दादा, तुम्ही फार शिकलेले दिसता’, आणि विषय बदलला. मीठ आणि आम्ल लावून नव्या लोखंडावर जुना गंज चढवणं काही अवघड काम नाही.

पार्सल आलं तेव्हा चिठ्ठीवर ‘होम डेकोर’ लिहिलेलं. पैसे दिल्याशिवाय खोका उघडू देत नाहीत, त्यामुळे आधी पैसे गेले. आत तलवार, मखमली म्यान आणि लॅमिनेट केलेलं एक ‘प्रमाणपत्र’. ही वस्तू सजावटीची असून तिला परवाना लागत नाही, असा मजकूर, खाली गोल शिक्का. त्या कागदाची किंमत लॅमिनेशनपुरती. शस्त्र नियम २०१६च्या पहिल्या अनुसूचीत तलवारीचं नाव स्वच्छ लिहिलेलं आहे, आणि इतर पात्यांनाही नऊ इंच लांबी किंवा दोन इंच रुंदीची मर्यादा घातलेली आहे. घरकाम, शेती, उद्योग यांसाठी बनवलेली हत्यारं तेवढी त्यातून वगळली आहेत. तेव्हा विकणाऱ्याने स्वतःच छापलेल्या कागदाने पोलिसांचं समाधान होईल, या भ्रमात राहू नका.

वस्तादांनी तलवार हातात घेतली, मूठ कानाशी धरून मनगटावर हलकी बुक्की मारली आणि म्हणाले, ‘आत काहीतरी हलतंय. हिच्याने जोराचे हात करू नको.’ मी हळूच फिरवत होतो. तरी एका फेऱ्यात मूठ माझ्या हातात राहिली आणि पातं सुटून मैदानाच्या टोकाच्या कडुनिंबावर आदळलं. कुणाला लागलं नाही, कारण आमच्याकडे तलवार फिरवणाऱ्याच्या चारही बाजूंना हात अधिक पातं, त्याच्या दुप्पट अंतर मोकळं ठेवतात, आणि पात्याच्या रेषेत बसून बघायला कुणालाच परवानगी नसते. ओळखीच्या एका मंडळाची पोरं देवळाच्या ओट्यापुढे गर्दीत तलवारी फिरवतात. तिथे हे झालं असतं तर आज मी वेगळंच काही लिहीत असतो.

मूठ फोडली तेव्हा खरा माल दिसला. आपल्या जुन्या तलवारींतही पात्याची शेपटी मुठीच्या पोकळीत आखूडच असते आणि ती लाखेने बसवलेली असते. त्यामुळे शेपटी आखूड दिसली म्हणजे तलवार खोटी, असं नाही, आणि हे विकणारे नेमकं हेच सांगून सुटतात. पण ती शेपटी पात्याच्याच लोखंडातून ठोकून काढलेली, चांगली रुंद असते. माझ्या तलवारीत पात्याच्या बुडाला करंगळीहून बारीक, आटे पाडलेली सळई वेल्डिंगने डकवली होती. तुटली ती तिथेच. भोवती लाख नव्हती, सिमेंटसारखा कसलातरी मसाला होता.

बाजारात विळे-कुऱ्हाडी करणाऱ्या एका लोहारदादांकडे तुकडे घेऊन गेलो. त्यांनी आधी खऱ्या कमानपाट्याचा तुकडा ग्राइंडरला लावला, तर फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या ठिणग्या उडाल्या. मग माझं पातं लावलं. आखूड, लालसर ठिणग्या, न फुटता विझणाऱ्या. ‘भाऊ, हाई पोलाद नही शे. स्टेनलेस शे. कितलामा दिनी तुले?’ आकडा सांगितल्यावर ते काहीच बोलले नाहीत, चहा मागवला. मी सोबत लोहचुंबक नेलं होतं, पण त्याचा उपयोग नाही. चाकू-सुऱ्यांचं बरंचसं स्टेनलेस चुंबकाला चिकटतं. स्टेनलेस वाईट असतं असंही नाही. स्वयंपाकघरातल्या सुरीला ते उत्तम, पण हातभर पात्याला वाकून परत सरळ व्हायचं असतं, ते याच्याने होत नाही. दमास्कसच्या लाटा पॉलिश पेपरच्या चार हातांत पुसल्या गेल्या. खऱ्या पात्यावरची नक्षी घासून गेली तरी फेरिक क्लोराईड लावलं की पुन्हा उमटते, कारण ती लोखंडाच्या थरांतच असते. इथे काहीच उमटलं नाही.

एवढं तालमीत सांगितलं, तेव्हा चोपड्याचा पोरगा पुढे आला. त्यानेही त्याच माणसाकडून घेतली होती, वर ‘शिकलगाराच्या हातची धार’ म्हणून दीड हजार जास्तीचे मोजून. त्याच्या शेतात घड उतरवलेल्या केळीच्या खांबावर तिची परीक्षा झाली. मजूर ज्या केळीतून विळा सहज काढतात, त्या केळीवर या तलवारीची धार एका बाजूला मुडपली. लोहारदादांनी कडेवरचे निळे-जांभळे पट्टे दाखवले. ग्राइंडरवर दाबून धार काढली की कड तापते, तीनशे अंशांच्या आसपास ती निळी पडते, आणि धारेला दिलेलं पाणी, म्हणजे तापवून विझवून आणलेला कडकपणा, असेल तेही उतरतं. या पात्याला मुळात पाणी दिलंच नव्हतं, कानस धारेवर सरळ चावत गेली. धार काढायची ती हाताने, ओल्या दगडावर, एकच कोन सांभाळत. लांब पातं असलं की ते फळीला घट्ट आवळून दगड फिरवायचा, तलवार नाही, आणि हाताचा झोक धारेपासून बाहेर. हे जाणत्याचं काम आहे. ‘धार लावून देऊ का?’ असं जो विकणारा आपणहून विचारतो तो तुमच्याकडून दीड हजार तर घेतोच, पण पुढच्या धमकीची तयारीही करून ठेवतो.

ती धमकी अशी. मी पैसे परत मागितले. दुसऱ्याच दिवशी अनोळखी नंबरवरून फोन, खाकी आवाज: ‘तुमच्या नावाने धारदार शस्त्राचं पार्सल गेलंय. सोनगीरचं प्रकरण माहीत आहे ना?’ ते खान्देशात कोणाला माहीत नाही? एप्रिल २०२२मध्ये धुळे जिल्ह्यातल्या सोनगीर पोलिसांनी महामार्गावर एक गाडी अडवली, तिच्यात ८९ तलवारी आणि एक खंजीर सापडला. चित्तोडगडहून जालन्याकडे चालला होता तो माल. फोनवाल्याने हीच बातमी पुढे करून बारा हजारांत ‘मिटवतो’ म्हणून सांगितलं. चोपड्याच्या पोराने याच फोनला घाबरून पाच हजार पाठवले होते आणि कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता. दोघांनी आपापल्या फोनमधले स्क्रीनशॉट शेजारी ठेवले, तर पैसे मागणारा ‘साहेब’ आणि तलवार विकणारा दादा यांचा यूपीआय एकच.

खरा धंदा तलवारीचा नाहीच, हे मला तेव्हा कळलं. साडेनऊ हजारांची तलवार ही नुसती दाराची कडी. घेणाऱ्याच्या मनात ‘आपण काहीतरी बेकायदा करून बसलोय’ ही भीती घातली की तो तक्रारीला जात नाही, आणि मग त्याला हवा तितका पिळता येतो. लॅमिनेट केलेला कागद, चिठ्ठीवरचं होम डेकोर, आपणहून विचारून लावलेली धार, सगळं त्याच कामाचं. त्यामुळे त्याचा सगळा जोर आपल्या गप्प बसण्यावर आहे.

आम्ही ओळखीच्या वकिलांना घेऊन ठाण्यात गेलो, तुकडे आणि ती धारवाली तलवार सोबत, वकिलांनी आधी फोन करून कळवलेलं. अधिकाऱ्यांनी धारवाली तलवार पंचनामा करून ठेवून घेतली, पोराला चांगलं झापलं, आणि आमची फसवणुकीची तक्रारही घेतली. फसवणुकीला आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. त्यांनी स्वतः सांगितलं, पोलीस चौकशीला बोलावतात ते लेखी नोटीस देऊन, यूपीआयवर मिटवून नाही. १९३० या हेल्पलाईनला फोन पैसे गेल्या गेल्या केला तर ते खात्यात अडवता येतात. आम्ही उशीर केल्यामुळे पोराचे पाच हजार पुढे सरकून गेले होते. माझे पैसेही आलेले नाहीत.

नवी तलवार तेच लोहारदादा करून देतायत, बोथट, टोक गोल केलेलं, कमानपाट्याची, शेपटी पात्यातूनच काढलेली. काम सुरू करण्याआधी वस्तादांनी तालमीच्या लेटरहेडवर ठाण्यात अर्ज दिला आणि होकार आल्यावरच भट्टी पेटली. ती तलवार तालमीतच, कुलपात राहील. सणासुदीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७चा, शस्त्रं बाळगायला मनाई करणारा आदेश निघाला असेल तर मैदानावरही येणार नाही. घाम पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हात द्यायचा आणि पावसाळ्यात म्यानात ठेवायची नाही, चामडं ओल धरतं.

त्या माणसाचं पेज बंद झालं आणि आठवडाभरात नव्या नावाने उघडलं. फोटो तेच आहेत: निळ्या मखमलीवर तिरपी ठेवलेली तलवार, मुठीला लाल गोंडा, पात्यावर लाटा. तुम्हाला दिसला तर मुठीच्या आतला, वेल्डिंग दाखवणारा फोटो मागा. त्यानंतर ‘जय शिवराय’ येत नाही, थेट ब्लॉक करतात. ज्यांचे पैसे आधीच गेलेत त्यांनी चॅट पुसू नका, कुरिअरची चिठ्ठी फेकू नका, त्यावरचा बुकिंग नंबर आमच्या तक्रारीत सगळ्यांत जास्त कामाला आला.