चांदीचे कण की दोन आरसे? प्रकाश आणि रेणूंवर प्रकल्प निवडताना

पेरण्या उरकत आल्या की एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची मुलं प्रकल्पाचा विषय विचारायला येऊ लागतात. गेली काही वर्षं भौतिकशास्त्राची आणि रसायनशास्त्राची मुलं एकच प्रश्न घेऊन येतात. प्रकाशाचा रेणूंवर होणारा परिणाम अभ्यासायचा आहे, तर चांदीच्या नॅनोकणांवर काम करावं की दोन आरशांमधल्या पोकळीवर? मी दोन्ही केलं आहे. दोन्हींनी मला आनंदही दिला आणि रडवलंही, म्हणून जरा मोकळेपणाने सांगतो.

मूळ अडचण आकाराची आहे. रेणू नॅनोमीटरभराचा आणि हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी 500 नॅनोमीटरच्या पुढची. एवढी लांब लाट एवढ्याशा रेणूवरून जवळजवळ न अडखळता निघून जाते. रामन यांनी 1928 मध्ये कोलकात्यात टिपलेला परिणाम म्हणूनच इतका क्षीण असतो. विखुरलेल्या प्रकाशात कोटीभर फोटॉनांमागे एखादाच आपला रंग बदलून येतो. प्रकाश आणि रेणू या दोघांची गाठ नीट कशी घालून द्यायची, एवढाच प्रश्न आहे. धातूचा कण प्रकाशाला चिमटीत पकडतो. आरसे त्याला बाहेर जाऊ न देता रेणूंमधून पुन्हा पुन्हा फिरवतात.

आधी चांदी. 1974 मध्ये साउदॅम्प्टनच्या प्रयोगशाळेत खडबडीत केलेल्या चांदीच्या इलेक्ट्रोडवर पिरिडीन या सेंद्रिय द्रवाचा रामन संकेत, म्हणजे रेणूवरून रंग बदलून आलेला प्रकाश, अनपेक्षित मोठा दिसला. खडबडीमुळे पृष्ठभाग वाढला आणि जास्त रेणू चिकटले, असं तेव्हा वाटलं. पण 1977 मध्ये दोन वेगळ्या गटांनी दाखवलं की वाढ लाखो पटींची आहे. नुसत्या जास्त रेणूंनी तिचा हिशेब लागत नाही. चांदीतले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एका ठेक्यात डोलतात आणि दोन कणांमधल्या फटीत विद्युतक्षेत्र दाटून येतं. रेणूवर येणारा प्रकाश वाढतो आणि त्याच्याकडून परतणाराही वाढतो, म्हणून संकेत क्षेत्राच्या चौथ्या घाताने चढतो. क्षेत्र 30 पट झालं तर संकेत 8 लाख पटींच्या वर जातो. हे गणित पहिल्यांदा कागदावर सोडवलं तेव्हा मला रात्री झोप आली नव्हती.

आमच्या भागाला याचा उपयोग अगदी जवळचा आहे. सोयाबीनच्या बियाण्याला चोळतात ते बुरशीनाशक थायरम गंधकयुक्त असतं. चांदीवर त्याचा रेणू मधोमध तुटतो आणि गंधकाच्या बाजूने घट्ट चिकटतो. मग रामन वर्णपटात 1380 सेमी⁻¹ च्या आसपास त्याची खूण ठळक उमटते. शेतात जे हाताळलं जातं तेच वर्णपटात दिसलं की मुलांचे डोळे चमकतात. मात्र एक लक्षात ठेवा. जो रेणू चांदीला चिकटत नाही, त्याच्याबद्दल ही पद्धत फारसं काही सांगत नाही.

साहित्य सोपं आहे. सिल्व्हर नायट्रेट क्लोराइडच्या टायट्रेशनसाठी कपाटात असतंच. ते उकळत ठेवायचं, सोडियम सायट्रेट घालायचं, की पिवळसर राखाडी द्रावण तयार होतं. पण पाण्याच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून राहा. माझ्या पहिल्या सहा बाटल्या वाया गेल्या, कारण काचेची भांडी शेवटी बोअरच्या पाण्याने विसळली जात होती. आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार कणांना एकमेकांजवळ आणतात, त्यांचे गोळे होतात आणि सकाळी तळाला काळा गाळ बसलेला दिसतो. डबल डिस्टिल्ड पाण्याला पर्याय नाही.

दुसरी उणीव खरी दुखरी आहे. कणांमधली फट प्रत्येक जागी वेगळी असते, त्यामुळे एकाच काचेवर दोन ठिकाणी दोन आकडे येतात. 'किती आहे' हे ठामपणे सांगायचं असेल तर पंचवीस-तीस जागा मोजाव्या लागतात. शिवाय पैंजण काळे पडतात तशी ही चांदीही पडते. सोन्याचं द्रावण टिकतं आणि 520 नॅनोमीटरजवळचा हिरवा प्रकाश शोषून छान लाल दिसतं, पण खर्च वाढतो.

आता आरसे. हिंगोलीत औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहत आहे. तिच्या 4-4 किलोमीटरच्या भुजांमध्ये दोन आरशांदरम्यान लेझर फिरत राहणार आहे. आपली पोकळी त्याच तत्त्वावर चालते, फक्त आरशांमधलं अंतर दीडशे नॅनोमीटरच्या आसपास असतं. काचेवर चांदीचा 30 नॅनोमीटरचा थर, त्यावर रंगद्रव्य मिसळलेलं पॉलिमर, वर पुन्हा चांदी. पोकळीचा आणि रंगद्रव्याचा सूर जुळला आणि रेणू पुरेसे दाट असले, की शोषणाचं एक शिखर फुटून दोन होतात. त्या अवस्थेत प्रकाश आणि रेणू वेगळे मोजता येत नाहीत. काही सेंद्रिय रंगद्रव्यांत या दोन शिखरांमधलं अंतर 200-300 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट भरतं. खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा 25 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासच असते, म्हणून आपल्या मे महिन्यातल्या प्रयोगशाळेतही हे दिसतं.

इथला मोह मोठा आहे. 2012 मध्ये स्ट्रासबर्गच्या गटाने अशा पोकळीत प्रकाशाने होणाऱ्या एका अभिक्रियेचा वेग कमी झालेला दाखवला. म्हणजे रेणू ओळखणंच नव्हे, तर त्याचं वागणं बदलणं! मी या विषयाकडे त्याच ओढीने गेलो. पण त्यानंतरचे काही दावे, विशेषतः अवरक्त प्रकाशातल्या पोकळ्यांचे, दुसऱ्या प्रयोगशाळांना तसेच्या तसे जमले नाहीत. वर्षभराच्या प्रकल्पात त्या वादात उतरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि दोन शिखरं दिसली म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. रंगद्रव्याने मधला प्रकाश नुसता गिळला तरी तसंच दिसतं. काच तिरकी करत कोनागणिक मोजा. शिखरं एकमेकांकडे येऊन न छेदता दूर वळली तरच मानायचं.

सिलिकॉनच्या नॅनोकणांबद्दलही विचारतात. उष्णतेत प्रकाश कमी वाया जातो, पण त्यासाठी लागणारी कोरीव कामाची यंत्रं आपल्याकडे सहजी मिळत नाहीत. पीएच.डी.ला बाहेर गेलात तर जरूर बघा.

माझा कौल असा. रसायनशास्त्राच्या मुलांनी, आणि हातात वर्षच असेल तर सगळ्यांनीच, चांदी घ्यावी. कोणता रंग किती शोषला गेला हे मोजणारं यूव्ही-व्हिजिबल यंत्र विभागात असतं. रामनसाठी वेळ मागून घ्यावी लागेल, म्हणून नमुने आधी तयार ठेवा. ज्याला गणिताची गोडी आहे आणि पुढे पीएच.डी. करायचीच आहे त्याने आरसे घ्यावेत, कारण तिथे कागदावरचा हिशेब आणि मोजलेला वर्णपट रेषेला रेष जुळतो. हे दोन रस्ते पुढे मिळतातही. 2016 मध्ये केंब्रिजला सोन्याचा कण आणि सोन्याचा पत्रा यांच्यातल्या नॅनोमीटरहून कमी फटीत मेथिलीन ब्लूचा एकच रेणू ठेवून शिखर दुभंगलेलं दाखवलं गेलं.

आरसे घ्यायचं ठरवलंच असेल तर अर्ज भरण्याआधी चांदीचा थर चढवणाऱ्या विभागातल्या कोटिंग युनिटचा व्हॅक्यूम पंप स्वतः चालू करून बघा आणि दाब किती खाली जातो ते वहीत लिहून माझ्याकडे आणा.