काटो-काट्झ संच : साधन स्वस्त, भिस्त तंत्रज्ञावर

जंतसंसर्ग आणि आतड्यांचा शिस्टोसोमायसिस (परजीवी चपट्या कृमींमुळे होणारा आजार) या उपेक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या सर्वेक्षणासाठी, विष्ठेतली कृमींची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली मोजणाऱ्या काटो-काट्झ संचाइतके साधे आणि टिकाऊ साधन माझ्या पाहण्यात दुसरे नाही. भोक असलेली प्लास्टिकची मापपट्टी, नायलॉनची जाळी, प्लास्टिकची लहान चपटी पळी आणि सेलोफेन एवढेच त्यातले साहित्य असते. मापपट्टीच्या भोकात ४१.७ मिलिग्रॅम विष्ठा मावते. त्यामुळे काचपट्टीवर मोजलेल्या अंड्यांच्या संख्येला २४ ने गुणले की दर ग्रॅममागे किती अंडी आहेत हे समजते, आणि लागण आहे की नाही याबरोबरच तिची तीव्रताही ठरवता येते. मापपट्टी धुऊन पुन्हा वापरता येते आणि आरशाचा सूक्ष्मदर्शक असेल तर विजेचीही गरज पडत नाही. मूळच्या जपानी पद्धतीला ब्राझीलमध्ये १९७२ साली दिलेले हे रूप आजही वापरात आहे, ते याच सोयींमुळे.

संचाची खरी परीक्षा मात्र वेळेच्या बाबतीत होते. काचपट्टीवरचा नमुना झाकणाऱ्या सेलोफेनमधल्या ज्या ग्लिसरीनमुळे विष्ठेचा थर पारदर्शक होऊन अंडी दिसू लागतात, तेच ग्लिसरीन अंकुशकृमीची (हुकवर्मची) पातळ कवचाची अंडी साधारण तासाभरात दिसेनाशी करते. म्हणून काचपट्टी जिथे तयार होते तिथेच, वनस्पतींचे कण आणि अंडी यांतला फरक ओळखणाऱ्या प्रशिक्षित स्थानिक तंत्रज्ञाने ती वाचली पाहिजे. बाहेरून आलेले पथक सर्वेक्षण आटोपून परतले की हे कौशल्यही त्याच्याबरोबर निघून जाते, ही गोष्ट मला फार गंभीर वाटते.

सौम्य लागण या पद्धतीतून निसटते, आणि गावोगावी सामूहिक जंतनाशक औषधवाटपाच्या अनेक फेऱ्यांनंतर औषध थांबवायचे की नाही हे ठरवताना नेमकी तीच शोधायची असते. एका नमुन्याच्या किमान दोन काचपट्ट्या कराव्यात, शक्य असल्यास दुसऱ्या दिवशीचा नमुनाही घ्यावा. पातळ जुलाबाच्या नमुन्यासाठी आणि स्ट्राँगिलॉइडिस या आतड्यातल्या कृमीच्या निदानासाठी हा संच उपयोगाचा नाही.

संच मागवताना सूक्ष्मदर्शकाची देखभाल, तंत्रज्ञांचे उजळणी प्रशिक्षण आणि सुमारे १० टक्के काचपट्ट्यांची दुसऱ्या अनुभवी तंत्रज्ञाकडून फेरतपासणी यांसाठीही निधी राखून ठेवावा. सेलोफेनचे तुकडे आदल्या दिवशीच मॅलाकाइट ग्रीन हा हिरवा रंग मिसळलेल्या ग्लिसरीनच्या द्रावणात घालावेत. ते नीट भिजायला किमान २४ तास लागतात.