काउंटरवर डबा कोणाचा ठेवावा: मोठ्या ॲपचा की आपल्या बँकेचा?

"काऊन बावा, चांगला चालत होता तो डबा, बदलला कायले?" शेजारच्या दुकानदारभाऊंनी विचारलेला हा प्रश्न त्यानंतर नागपूरच्या महाल-इतवारीतल्या बऱ्याच ओळखीच्यांनी विचारला. काहींना पहिला साउंडबॉक्स, म्हणजे पैसे आले की मोठ्याने सांगणारा डबा, घ्यायचा आहे, काहींना आहे तो बदलायचा आहे. दर वेळी काउंटरवर उभ्याउभ्या अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहितो.

माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. आधी एका मोठ्या पेमेंट ॲपचा डबा आणि स्कॅनर (क्यूआर कोड) होता, आता माझ्या सरकारी बँकेचा आहे. यूपीआय म्हणजे काय, स्कॅनर कसा चिकटवतात, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. डबा घ्यावा की नाही, हाही प्रश्न आता उरलेला नाही. पैसे गेल्याचा खोटा स्क्रीन दाखवून माल घेऊन जाणारे आहेत, आणि गर्दीत प्रत्येकाचा मोबाइल हातात घेऊन तपासता येत नाही. डब्याने मोठ्याने सांगितलं की पैसे आले, मग पिशवी द्यायची. प्रश्न एवढाच, की डबा कोणाचा?

आवाज, मराठी, बॅटरी, आतलं सिमकार्ड, या बाबतीत मला दोघांत फरक जाणवला नाही. दोन्ही दिवसभर टिकतात, दोन्ही कधीमधी नेटवर्क गेलं की गप्प बसतात. भाडंही माझ्या बाबतीत जवळपास सारखंच निघालं, महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये. या गोष्टींवर डोकं घालवू नका.

सेवेत मात्र मोठ्या ॲपवाले पुढे आहेत, आणि ते कबूल करायला हवं. त्यांचा पोरगा गाडीवर येतो, दहा मिनिटांत सगळं जोडून देतो, स्टँड लावतो आणि पहिलं पेमेंट स्वतः करून दाखवतो. डबा बिघडला तर बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी कोणीतरी हजर. बँकेत तसं नाही. आधी चालू खातं, मग दुकानाच्या नोंदणीची, गुमास्ता किंवा उद्यमची, कागदं, मग शाखेत अर्ज, मग वाट. डबा आला तेव्हा स्कॅनरवर दुकानाचं नाव चुकीचं छापलेलं होतं, ते दुरुस्त व्हायला पुन्हा वाट. बँकेचं व्यापाऱ्यांसाठीचं ॲपही अजून अवघडलेलंच आहे. कालची बेरीज बघायला जेवढ्या ठिकाणी बोट लावावं लागतं, तेवढ्यात मोठ्या ॲपवर महिन्याचा आलेख दिसतो. फक्त सोय बघायची असेल तर इथेच निर्णय होतो आणि तो बँकेच्या बाजूने होत नाही.

माझा निर्णय फिरला तो फोनांमुळे.

आपल्याकडे उन्हाळा लांबतो म्हणून विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. आमचा सगळा धंदा त्या तीन-चार आठवड्यांत असतो. वह्या, कव्हरं, कंपासपेट्या, पालकांच्या हातात शाळेची यादी आणि काउंटरवर तीन रांगा. नेमका त्याच काळात फोन सुरू झाला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती. म्हणाली, सर, गेल्या दोन आठवड्यांत तुमच्या दुकानाचं कलेक्शन फार चांगलं वाढलंय, तुमच्यासाठी कर्ज मंजूर करून ठेवलंय, फक्त हो म्हणा. मी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नंबरवरून दुसरा आवाज, रक्कम थोडी वाढवलेली. नंबर ब्लॉक केला की तिसऱ्या नंबरवरून. ॲप उघडलं की आजच्या बेरजेच्या आधी तीच जाहिरात, आणि ती बाजूला सारल्याशिवाय हिशेब दिसत नाही.

फोन आला याचा त्रास होताच, पण फोन सगळ्यांनाच येतात. मला खुपलं ते वेगळं. माझा सीझन कधी सुरू होतो, किती चढतो आणि कधी उतरतो हे त्या मुलीच्या पुढ्यातल्या स्क्रीनवर होतं. माझ्या सीएंना तो आकडा वर्ष संपल्यावर कळतो, घरच्यांना मी दिवाळीच्या सुमारास सांगतो. ज्या कंपनीकडून मी एक डबा भाड्याने घेतला होता, तिला तो रोज रात्री कळत होता, आणि त्याच आकड्यावरून मला कर्ज विकायचा प्रयत्न चालला होता.

हे असं का होतं, ते समजून घेतल्याशिवाय निवड करू नका. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून एमडीआर, म्हणजे प्रत्येक पेमेंटमागे कापलं जाणारं शुल्क, घेत नाहीत. आपल्यासाठी ते चांगलंच आहे, शंभराचे शंभर मिळतात. पण त्यामुळे पेमेंट पोचवण्यात ॲपवाल्यांना फारसं काही सुटत नाही. केंद्र सरकार छोट्या व्यापाऱ्यांच्या २००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांवर काही प्रोत्साहन देतं. २०२४-२५ साठी त्याकरता सुमारे १५०० कोटी रुपये मंजूर झाले होते. पण जिथे एका महिन्यात २००० कोटींहून अधिक व्यवहार होऊ लागले आहेत (२०२५ च्या ऑगस्टमध्ये यूपीआयने तो टप्पा ओलांडला), तिथे हे पैसे किती पुरणार? मग कमाई उरते डब्याच्या भाड्यात, जाहिरातीत, विम्यात आणि कर्जात. कर्ज विकायचं तर आधी माहिती हवी, आणि माहिती मिळते ती काउंटरवरच्या स्कॅनरमधून.

पेमेंटमध्ये कमाई नसताना वर्षानुवर्षं तोटा सोसू शकतात ते मोठ्या खिशाचेच. फोनपे वॉलमार्टच्या मालकीत आहे, गूगल पे गूगलचं आहे. २०१७ मध्ये तेझ नावाने आलेलं ते हेच. या दोघांमधून मिळून देशातले यूपीआयचे सुमारे ८० टक्के व्यवहार होतात. हे एकवटणं बरं नाही हे खुद्द यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयलाही दिसलं. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी नियम काढला, की कोणत्याही एका ॲपचा वाटा ३० टक्क्यांच्या वर नको. जे आधीच वर होते त्यांना २०२२ च्या अखेरपर्यंत मुदत होती. ती पुढे २०२४ च्या अखेरपर्यंत गेली, मग २०२६ च्या अखेरपर्यंत. दोन्ही वेळा मुदत सरकली, वाटा काही उतरला नाही. आणि उतरवणार तरी कसा? ज्याच्या मोबाइलवर ते ॲप आहे त्या गिऱ्हाइकाला 'तुम्ही आता दुसरं वापरा' असं सांगणार कोण? यूपीआयचंच भीम ॲप सरकारी पाठबळावर ३० डिसेंबर २०१६ ला आलं, तरी आज माझ्या काउंटरवर ते उघडणारा माणूस क्वचित दिसतो.

गिऱ्हाइकाला यात काही अडचण नाही. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२० मध्ये आदेश काढून एकाच कंपनीपुरते चालणारे स्कॅनर बंद करायला लावले, त्यामुळे कोणत्याही ॲपने कोणताही यूपीआय स्कॅनर वाचता येतो. मोकळीक आहे ती त्याला. दुकानदाराला डबा बांधून ठेवतो, कारण डबा फक्त स्वतःच्या कंपनीच्या स्कॅनरवर आलेलेच पैसे बोलून दाखवतो. शेजारी बँकेचा स्कॅनर चिकटवला आणि गिऱ्हाइकाने तो वाचला, तर पैसे खात्यात येतात पण डबा काही बोलत नाही. मग आपण आपल्याच हाताने दुसरा स्कॅनर काढून टाकतो, सगळं एकाच वाटेने जाऊ लागतं, आणि आपली सगळी विक्री एकाच कंपनीच्या नजरेसमोर जमा होत राहते. ही बांधणी कोणत्याही करारात लिहिलेली नसते. ती रोजच्या सवयीतून तयार होते, म्हणून जास्त घट्ट असते.

कर्ज वाईटच, असं मी म्हणत नाही. माझ्या ओळखीच्या एका कापडवाल्याने असं कर्ज घेतलं, कागदं लागली नाहीत, पैसे लगेच आले, लग्नसराईचा माल भरता आला. त्याला उपयोग झाला. पण हप्ता रोजचा होता आणि स्कॅनरच्या जमा रकमेतून आधीच कापला जायचा, मगच उरलेलं खात्यात. ज्या आठवड्यात धंदा मंदावला त्या आठवड्यात घाऊक व्यापाऱ्याला द्यायला रोकड उरेना. आणि डबा बदलायचं मनात आलं तरी कर्ज फिटेपर्यंत हात बांधलेले. त्याचा हिशेब त्याला ठाऊक, पण मी ते बघितलं आणि माझ्यापुरतं ठरवलं.

बँकही कर्ज विकते, नाही असं नाही. बँकेकडेही माझे आकडे आहेत. फरक मला एवढाच दिसतो, की ते आकडे तिच्याकडे आधीपासूनच होते. खातं तिथंच आहे. डबा बँकेचा घेतला म्हणून माझी माहिती आणखी एका घरी गेली नाही. आणि कर्ज हवंच असेल तर शाखेत समोर बसून विचारता येतं, छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी मुद्रा कर्जयोजनेत बसतं का बघता येतं, हप्ता महिन्याचा ठरतो. रोजचा गल्ला त्यात अडकत नाही. बँकेचा डबा आल्यापासून मला विक्रीच्या आकड्यावर बेतलेला एकही फोन आलेला नाही. उद्या येणार नाही याची खात्री देता येणार नाही, बँकाही आता त्याच वाटेने निघाल्या आहेत. पण आजचा अनुभव हा असा आहे.

आणखी एक गोष्ट. ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध आणले तेव्हा आमच्या बाजारात दोन दिवस दुसरी चर्चा नव्हती. ज्यांचे स्कॅनरचे पैसे दुसऱ्या बँकेतल्या खात्यात जमा होत होते त्यांचं चालू राहिलं. ज्यांचं खातंही तिथंच होतं त्यांना १५ मार्चच्या आत दुसरी सोय बघावी लागली. म्हणून डबा कोणाचाही घ्या, पैसे शेवटी कोणत्या खात्यात उतरतात ते नीट बघा.

आता कोणी काय घ्यावं. तर्री पोह्याचा ठेला असेल, सकाळच्या तीन तासांत वीस-तीस रुपयांची शेकडो पेमेंटं होत असतील, तर मोठ्या ॲपचा डबा घेणं मला चुकीचं वाटत नाही. तिथे डबा एक दिवस बंद पडणं परवडत नाही, आणि बदलून द्यायला माणूस लगेच येतो याला किंमत आहे. फिरता धंदा असेल, चालू खातं नसेल, तरीही तेच सोपं. कळमन्याच्या बाजारात संत्र्याचे सौदे करणाऱ्यांना डब्याचा उपयोगच कमी, त्यांच्या रकमा मोठ्या आणि माणसं ओळखीची. पण ज्यांचं पक्कं दुकान आहे, ठरलेला सीझन आहे, आणि आपल्या धंद्याचा चढ-उतार हीच ज्यांची ताकद आहे, किराणा ओळीतले असोत, सराफ्यातले असोत की आमच्यासारखे वह्या-पुस्तकांचे, त्यांनी निदान एकदा बँकेत जाऊन विचारावं. थोडी गैरसोय होईल. मला ती पुढे जाणवेनाशी झाली.

बदलायचं ठरवलंत तर एवढं करा. जुना डबा काढण्याआधी निदान महिनाभर दोन्ही शेजारी ठेवा. नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या मोबाइलमध्ये जुनाच स्कॅनर साठवलेला असतो, तेवढ्या वेळात ते नव्यावर येतात. जुन्या ॲपमधून सगळ्या महिन्यांचं स्टेटमेंट आधी उतरवून घ्या आणि सीएंना पाठवून ठेवा, कारण डबा परत गेल्यावर तिथे आत शिरता येईलच असं नाही. भाड्यासाठी दिलेली ऑटोपेची परवानगी डबा परत दिल्याने आपोआप जात नाही, ती आपल्या यूपीआय ॲपमध्ये जाऊन स्वतः रद्द करा. डबा न्यायला येणाऱ्या माणसाकडून लेखी पोच घ्या, किंवा निदान डब्यावरच्या नंबरसकट फोटो काढून ठेवा. बँकेला विचारा, की रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयवरून आलं तर मोठ्या रकमेवर शुल्क किती लागेल, आणि ते नको असेल तर बंद कसं करायचं. आणि हे सगळं मे महिन्यात उरका. जूनच्या शेवटी कोणाला वेळ नसतो.