मंत्रिपद घ्यावे की नाकारावे? फैजपूरला लांबणीवर पडलेला प्रश्न

डिसेंबर 1936 मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे पहिले खेड्यातले अधिवेशन भरले, अध्यक्ष नेहरू. प्रांतिक कायदेमंडळांची निवडणूक लढवायचे ठरले. मंत्रिपदांचा निर्णय मात्र पुढे ढकलला.

नकाराची बाजू सरळ होती: प्रांतांना मंत्रिमंडळे देणाऱ्या 1935 च्या ब्रिटिश कायद्यात गव्हर्नरचे विशेषाधिकार कायम, म्हणजे शिव्या मंत्र्यांना आणि चावी साहेबाकडे. पण नाकारले तर कूळकायदा, कर्जमाफी कोण करणार?

जुलै 1937 मध्ये पदे घेतली. मंत्र्यांना पगार 500 रुपये, तोवर ठीक. खरी कीड खाली लागली. काँग्रेसची सभासद वर्गणी अवघी चार आणे. सत्ता दिसताच बोगस नावे भरून पक्षाच्या समित्या काबीज होऊ लागल्या. गांधीजींनी त्यावर उघड टीका केली. पगाराला मर्यादा घालता आली, सभासद-नोंदवहीला नाही. 1939 मध्ये मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले ते मात्र युद्धाच्या प्रश्नावर.