अकरा महिने फाइनवर्कबाऊ ८०० सोबत, आणि मधले तेवीस दिवस वॉल्थरसोबत

सुरुवातीलाच सांगते, मी मेडलवाली नाही. वय ४६, नोकरी बँकेत, आणि नेमबाजीत शिरले ती मागच्या दाराने. लेकीला आठवीच्या उन्हाळी शिबिरात घातलं होतं. तिला कोथरूडच्या रेंजवर सोडायचं, दीड तास बाकावर बसायचं, परत आणायचं. तिसऱ्या आठवड्यात सर म्हणाले, "ताई, नुसत्या बसताय कशाला? एक जॅकेट रिकामं आहे." लेकीने पुढे बारावीच्या क्लासपायी रायफल खाली ठेवली ती ठेवलीच. मी अजून उचलतेय.

तर हा अनुभव सेकंडहँड फाइनवर्कबाऊ ८०० चा, १० मीटर एअर रायफलसाठी, जानेवारी २०२५ पासून आजपर्यंतचा. आमच्याकडे एवढं लांबलचक नाव कुणी घेत नाही, 'फाइनवर्क' म्हणतात. त्याआधी अडीच वर्षं क्लबची वॉल्थर एलजी ३०० मारत होते. रेंजवरचा एक मुलगा शिकायला परदेशी निघाला, त्याची ही, १ लाख ६० हजारांना पडली. "एवढ्यात स्कूटर येते, वर पेट्रोलला पैसे उरतात," हे घरी ऐकून घेतलं. खरंच येते.

"जास्त अचूक कोणती?" असं कुणी विचारलं की मी क्लॅम्पचं सांगते. पॅलेट (एअर रायफलची शिशाची छोटी गोळी) टेस्ट करताना रायफल क्लॅम्पमध्ये घट्ट आवळतात, दहा मीटरवर कागद लावतात आणि एकाच डबीतले पाच पॅलेट सोडतात. लॉट, म्हणजे त्या डब्यांची बॅच, बॅरलला जुळला असेल तर कागदावर पाच भोकं दिसतच नाहीत. एकच दिसतं, साडेचार मिलिमीटरच्या पॅलेटपेक्षा जेमतेम मोठं, कडेला जरासं फाटलेलं. माझ्या फाइनवर्कचं तसंच आलं, क्लबच्या म्हाताऱ्या वॉल्थरचंही तसंच. आता टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, आणि काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा. म्हणजे रायफल दहा मारते, नऊ आपण मारतो.

हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी आमच्या दहा लेनच्या रेंजवर वॉल्थरवाले आणि फाइनवर्कवाले असे दोन तट आहेत, आणि एक अँशुट्झवाले काका, जे दोघांनाही मोजत नाहीत. चहाच्या वेळी वॉल्थर आणि अँशुट्झची जुंपली की मला हसू येतं, कारण तिकडे जर्मनीत या दोन्ही कंपन्या उल्म नावाच्या एकाच गावात आहेत. मूळच्याही थुरिंजियातल्या एकाच भागातल्या, झेला-मेलिसच्या. दुसऱ्या महायुद्धानंतर दोघींनी तिथून बिऱ्हाड हलवलं आणि उल्ममध्ये पुन्हा शेजारी येऊन बसल्या. भाऊबंदकीच म्हणायची. फाइनवर्कबाऊ नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फची. माउझर कंपनीतून बाहेर पडलेल्या दोन इंजिनियरांनी ती १९४९ मध्ये काढली. मला हे सगळं पाठ आहे यावरूनच कळेल की मीही आता एका तटात आहे. कशी गेले ते सांगते.

पहिला महिना वाईट गेला. वॉल्थरवर माझा ६० शॉटचा सर्वोत्तम स्कोअर होता ५९६.३ (एका शॉटला जास्तीत जास्त १०.९ मिळतात). फाइनवर्कवर पहिल्या पूर्ण मॅचला आले ५८१.७. नवी नवरी घरी आणावी आणि पहिल्या दिवशीच दूध उतू जावं, तसं झालं. सरांनी रायफलला हातही लावला नाही. म्हणाले, "माप अजून त्या मुलाचंच आहे." तो पाच फूट अकरा, मी पाच फूट दोन.

इथून पुढचे सहा आठवडे मी ॲलन कीच्या जुडग्यासोबत काढले. खांद्याला टेकणारी बट प्लेट आत घेतली, ग्रिप जरा फिरवली, गाल टेकवायचं चीक पीस खाली आणि डावीकडे. एका संध्याकाळी एकच गोष्ट हलवायची आणि वहीत लिहायची, हा सरांचा नियम. मी तो दोनदा मोडला आणि दोन्ही वेळा चार दिवस वाया गेले. चीक पीस कधी जमलं ते मात्र लगेच कळलं. डोळे मिटून गाल टेकवला, मान सैल सोडली, डोळा उघडला, तर डायऑप्टरच्या, म्हणजे डोळ्याजवळच्या मागच्या साइटच्या, भोकाच्या बरोब्बर मध्ये पुढची रिंग आणि रिंगच्या मध्ये काळा गोल. मी काहीच केलं नव्हतं, सगळं आपणहून येऊन बसलं होतं. मी उठले, पर्समधून नेलपॉलिश काढलं आणि चीक पीसच्या दांड्यावर जिथे क्लॅम्प येतो तिथे एक मरून रेघ मारली. आता रायफलवर अशा सात रेघा आहेत. मुलं हसतात. पण गेल्या महिन्यात त्यांच्यापैकीच एकाने स्पर्धेच्या आदल्या दिवशी बट प्लेट काढली आणि परत लावताना कुठे होती ते त्याला आठवेना, तेव्हा नेलपॉलिश मागायला माझ्याकडेच आला.

ब्लाऊज शिवणाऱ्या बाईंचं आणि आपलं जे असतं, ते हेच. त्या पुण्यात सगळ्यात भारी शिवतात असं मुळीच नाही. दिवाळीत वेळेवर देतात असंही नाही. पण आपलं माप त्यांच्या वहीत आहे, खांद्याला अर्धा इंच सैल लागतं हे त्यांना सांगावं लागत नाही. दुसरीकडे जायचं म्हणजे दोन ब्लाऊज बिघडवायची तयारी हवी. नेमबाज ब्रँड बदलत नाहीत त्यातलं निम्मं कारण मला इथे दिसतं. दोन ब्लाऊज नाही, दोन सीझन बिघडतात.

उरलेलं अर्धं कारण कमी गोड आहे. पहिली रायफल कुणी निवडतच नाही. सर जी मारत होते ती क्लबमध्ये येते, क्लबमध्ये असते ती आपल्या हातात येते, आणि पहिला १०.९ जिच्यावर बसतो ती आयुष्यभर 'आपली' होते. माझा पहिला १०.९ वॉल्थरवर बसला. मोटार लावलेल्या तारेवरून कागद परत आला तेव्हा मला वाटलं शॉट कागदाबाहेर गेला, कारण मधला ठिपका दिसतच नव्हता. तोच फुटला होता. त्यामुळे फाइनवर्क घेतली तेव्हा वॉल्थरवाल्यांनी मला फितुरासारखं वागवलं, आणि गंमत म्हणजे मलाही तसंच वाटत होतं.

ट्रिगरबद्दल. दोन्हीचा दोन टप्प्यांचा, दोन्ही हवे तसे हलके-जड करता येतात. तरी पहिला टप्पा संपून बोट जिथे अडतं, तो 'अडसर' दोन्हीकडे वेगळा लागतो. वॉल्थरचा मला काडी मोडल्यासारखा लागायचा, फाइनवर्कचा साबणावरून बोट घसरल्यासारखा. पहिले दोन महिने मला काडीच हवी होती. मी रोज रात्री दहा वाजता, भांडी झाल्यावर, हॉलमधल्या भिंतीवर छोटा काळा ठिपका चिकटवून वीस मिनिटं ड्राय फायर करायचे, म्हणजे पॅलेट न घालता नुसता ट्रिगर ओढायचा. एप्रिलमध्ये कधीतरी काडी आठवेनाशी झाली. नक्की कुठल्या दिवशी, ते वहीतही नाही.

शॉट गेल्यावर ही रायफल जवळजवळ हलत नाही, आत दचका शोषणारा ॲब्सॉर्बर आहे. याचा खरा फायदा असा की आपली चूक लपत नाही. पॅलेट सेकंदाला साधारण १७० मीटरने जातो, म्हणजे दहा मीटरला जवळपास सहा शतांश सेकंद. तेवढ्यात मी रायफल उतरवायची घाई केली तर पुढची रिंग हलताना मला स्पष्ट दिसते. दचका असता तर त्याच्यावर ढकलता आलं असतं.

पॅलेटबद्दल एवढंच की ब्रँडवर भांडणाऱ्यांपैकी निम्म्यांनी आधी डबी बदलून पाहावी. माझ्या बॅरलला आरडब्ल्यूएस आर १० या पॅलेटचा ४.५० मिलिमीटर डोक्याचा प्रकार मानवला. ४.४९ ने कागदावरची भोकं पसरली. लॉट नंबर जुळत असेल तर एकदम दहा डब्या घेऊन ठेवा. मी चार घेतल्या आणि पस्तावले.

आता जुलै. एका सोमवारी रायफलीचा हवेचा सिलिंडर २०० बारला भरून आणला, मंगळवारी संध्याकाळी काटा १३० वर. पुन्हा भरला, पुन्हा तेच. ज्या ठिकाणी मी हवा भरून घेत होते तिथल्या कॉम्प्रेसरचा फिल्टर कित्येक महिन्यांत बदललेला नव्हता, हे नंतर कळलं. पावसाळी हवा, तिच्यातलं पाणी सरळ आत, आणि हवा अडवणारी रबरी ओ-रिंग मुळातच जुनी. यात रायफलीला काय बोलणार? पण दुरुस्ती करणाऱ्या काकांनी फाइनवर्क नाव ऐकूनच चष्मा कपाळावर सरकवला. "वॉल्थर मी झोपेत उघडतो. हिचं किट मागवावं लागेल." किट यायला आणि बसायला तेवीस दिवस लागले. आपल्याकडे माणूस कुठल्या ब्रँडशी एकनिष्ठ राहील हे उल्म आणि ओबर्नडॉर्फमध्ये कमी ठरतं, आपल्या गावातल्या दुरुस्तीवाल्याला काय उघडता येतं यावर जास्त. वॉल्थरवाले त्या तेवीस दिवसांत माझ्याशी फार प्रेमाने वागले. "सांगितलं होतं ना" असं एकजणही म्हणाला नाही, सगळ्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

आणि त्या दिवसांत मी क्लबची तीच जुनी एलजी ३०० पुन्हा हातात घेतली. मनातून सुखावले होते, खोटं कशाला बोलू. माहेरी आल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. गाल टेकवला आणि मान अवघडली. चीक पीस हलवून पाहिलं, बट प्लेट हलवली, शॉट दहाच्या डाव्या अंगालाच जात राहिले. बोट साबण शोधत होतं आणि काडी मोडत होती, तीही माझ्या मनाआधी. वीस शॉट मारले, खाली ठेवली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तोंडातून निघालं, "माझी रायफल कधी येणार?" माझी, असं.

त्याच महिन्याच्या शेवटी चहाला जुना वाद पुन्हा निघाला. पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळेने ब्राँझ मिळवलं त्याला वर्ष होत आलं होतं. मेडल आलं तेव्हाही आमच्या रेंजवर तो मारतो तीच रायफल बरी की वाईट यावर दोन तास खल झाला होता, तसाच यंदाही झाला. तो इव्हेंट ५० मीटर थ्री पोझिशनचा, रायफल पॉइंट टू-टूची, काडतुसाची, आणि आम्ही सगळे दहा मीटरवर हवेची मारणारे. हे दोन्ही वर्षी कुणाच्या लक्षात आलं नाही.

घेणाऱ्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. सेकंडहँड बघायला जाल तर आधी सिलिंडरवरची तारीख वाचा. माझ्या मॅन्युअलप्रमाणे सिलिंडरची मुदत १० वर्षं, आणि माझ्या सिलिंडरवर मार्च २०१६ छापलंय. स्पर्धेत मुदतीतला सिलिंडर वापरणं ही नेमबाजाचीच जबाबदारी धरतात, तिथे "मला माहीत नव्हतं" चालत नाही. विकणाऱ्या मुलाने ते लपवलं नव्हतं, मीच वाचलं नव्हतं. दुसरं, बिलाची प्रत आणि क्लबचं ओळखपत्र केसमध्ये ठेवा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटर आणि २० जूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, आणि मॅच रायफल साडेसात जूलच्या आसपासची. पण गणपतीत लक्ष्मी रोडच्या बाजूने बॅरिकेड चुकवत स्कूटरवर एवढी लांब केस नेताना हवालदाराला जूल समजावून सांगणं काही खरं नाही. कागद दाखवला की मामला एका मिनिटात मिटतो.

ॲल्युमिनियम स्टॉक पावसाळ्यात फुगत नाही, ही मोठी सोय. डिसेंबरच्या सकाळी सात वाजता गालाला लागतो तेव्हा मात्र जीव जातो. काहीजण चीक पीसवर कापडी टेप लावतात. मी लावली होती, पण गालाची जागा केसभर बदलते, म्हणून काढली.

खंडेनवमीला केसवर झेंडूची माळ घातली. हळदकुंकू रायफलीलाच लावणार होते, पण लेक ओरडली, "आई, आतल्या यंत्रात जाईल!" तिने रायफल सोडून वर्ष झालंय. ओरडली मात्र बरोबर.

नोव्हेंबरात बालेवाडीला जाऊन मॅच मारली, ६०७.२ आले. अकरा महिन्यांचा हिशोब हवा असेल त्यांना हा आकडा घ्या. त्यातला रायफलीचा वाटा किती आणि रात्री दहाच्या ड्राय फायरचा किती, ते मला वेगळं काढता येत नाही.

आणि गेल्या रविवारी शेजारच्या लेनवरच्या मुलीने नवी वॉल्थर एलजी ४०० आणली. "काकू, पाच मारून बघा ना." तिच्या मापाची, मला बट प्लेट लांब, गाल नीट टेकतही नव्हता. पाचातले चार दहाच्या वर गेले. मी रायफल तिला परत दिली, छान आहे म्हणाले, आणि घरी यातलं काही सांगितलेलं नाही. सोमवारी बँकेच्या जेवणाच्या सुट्टीत फाइनवर्कच्या नव्या सिलिंडरचे पैसे भरून टाकले.